गॅसकाकूंचं विरजण

काकूंचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि असतं तरी कुणी वापरलं नसतं. लहानथोर सगळे त्यांना गॅसकाकू म्हणायचे. पाठीमागे नव्हे हं, अगदी तोंडावर! दुसऱ्या एखादीला असं नाव पडलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. काकूंना मात्र त्याचा कोण अभिमान. दारात नवखा माणूस येऊन नुसतं "काकू" म्हणाला, की त्या आतूनच ओरडायच्या, "कोणत्या काकू? दुकानवाल्या की गॅसवाल्या?"

गल्ली गावाच्या अगदी कडेला. पुढे घरं, घरांच्या मागे लांबट अंगणं, अंगणात गोठे आणि त्यापलीकडे शेतं. काकूंच्या गोठ्यामागे जमिनीतून सिमेंटचा एक घुमट गुडघाभर वर आलेला होता. त्याच्या एका बाजूला शेण कालवायची कुंडी, दुसऱ्या बाजूला उघडा खड्डा, आणि घुमटाच्या डोक्यातून निघालेला पाइप भिंतीला धरून थेट स्वयंपाकघरात. बघायला आलेल्या माणसाला काकू एका दमात सगळं सांगून टाकायच्या. "शेण आणि पाणी सारखं घ्यायचं. हाताने कालवायचं, काठीने नाही. काठीला खडे कळत नाहीत. बूच काढलं की ते गेलं पोटात. पोटात आंबतं, गॅस वर घुमटात जमतो, आणि उरलेली स्लरी या खड्ड्यातून बाहेर येते, ती शेताला. संपलं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

तरी लोकांना कळायचं नाही. कुणी साबणाचं पाणी सोडायचं, कुणी आजारी गायीला औषध चालू असताना तिचं शेण घालायचं, कुणी गावाला जाताना महिन्याचं शेण एकदम कोंबून जायचं. मग खड्डा बसला, म्हणजे गॅस थांबला, की कॅन घेऊन काकूंच्या अंगणात हजर. कारण गोबरगॅसचं दह्यासारखं आहे. नुसतं शेण भरून लगेच काही होत नाही. चालत्या खड्ड्यातली स्लरी आणून आत घातली की मग ते लवकर लागतं. त्याला सगळे विरजणच म्हणायचे. गल्लीत सगळ्यात जुना खड्डा काकूंचा, त्यामुळे विरजण न्यायचं ते त्यांच्याकडून. त्या त्याचा पैसा घेत नसत. घेत असत ते बोलून घेत. कॅन भरेपर्यंत समोरच्या बाईची अशी काही हजेरी घ्यायच्या की तिला वाटावं, पैसे दिले असते तर परवडलं असतं.

"पोट आहे ते, पोट! डबा नाही कोंबायला. तुला कुणी आठवड्याचं जेवण एका ताटात वाढलं तर खाशील का?"

"नाही हो काकू."

"मग त्याला का वाढलंस?"

बाकीच्या बाया कॅन टेकवून तोंडाला पदर लावून हसत उभ्या. त्यांचीही पाळी यायची होतीच, पण ती येईपर्यंत हसून घ्यायला काय हरकत?

काकूंना या खड्ड्याचं एवढं वेड लागलं ते काही हौसेने नाही. काका बेकरीत भट्टीवर कामाला होते. लग्न झालं तेव्हापासून काकूंनी नवऱ्याला पाहिलं ते भुवयांवर पीठ आणि नाकपुड्यांत काजळी घेऊन घरी येताना. दिवसभर भट्टीचा धूर, घरी आलं की चुलीचा धूर. माणूस तक्रार करणारा नाही. खोकायचा, हसायचा, पुन्हा खोकायचा. शेवटी एकदा जिन्यावरच मटकन खाली बसला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "भट्टी सोडा. आणि घरात धूर नको. अजिबात नको."

भट्टी सोडणं काकांच्या हातात होतं. घरातला धूर काकूंच्या. त्यांनी कुठून कुठून चौकशी केली, घुमट बांधणारा गवंडी शोधून आणला, आणि तो विटा लावत असताना त्याच्या डोक्यावर अशा उभ्या राहिल्या की तो बिचारा म्हणाला, "बाई, तुम्हीच उतरा आत, मी वरून बघतो." पहिल्यांदा काडी लावली तेव्हा शेगडीवर निळी ज्योत फुलली. काका स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि न खोकता पूर्ण कप चहा प्यायले. काकूंनी तोंड फिरवून भिंतीकडे बघून डोळे पुसले. त्याच दिवशी चूल अडगळीत गेली.

भिंतीच्या पलीकडे धाकटी राहायची. धाकटी म्हणजे काकूंच्या धाकट्या दिराची बायको. दीर ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे गोठा, शेत, सगळं धाकटीच्या अंगावर. बोलायला कमी, कामाला वाघ. तिचाही खड्डा होता, त्याच गवंड्याने बांधलेला, आणि त्याला पहिलं विरजण काकूंनीच दिलं होतं. दोघींची गोठ्याची भिंत एक. सकाळी शेण कालवता कालवता भिंतीवरून गप्पा चालायच्या. म्हणजे काकू बोलायच्या आणि धाकटी "हो ताई" म्हणायची.

त्या गप्पा बंद झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. आणि का बंद झाल्या, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कारण ते सगळ्यांसमोर झालं होतं.

धाकटीला दिवस गेले होते. दिवस भरायच्या आतच बाळ गेलं. ती दवाखान्यात होती, मग घरी येऊन अंथरुणाला खिळली. दिराने सुट्टी काढून घर सांभाळलं. चांगला माणूस, पण त्याला काय कळतं? गोठा फिनेलने लख्ख धुतला आणि ते सगळं पाणी कुंडीतून आत सोडलं. खड्डा मेला. धाकटी उठून हिंडायला लागली तेव्हा कॅन घेऊन काकूंच्या अंगणात आली, बाकीच्या बायांच्या मागे उभी राहिली. काकूंचं डोकं त्या दिवशी सकाळपासून फिरलेलं. गायीने लाथ मारून दुधाची बादली सांडली होती. धाकटीचा कॅन बघून त्या बोलून गेल्या, "पुन्हा? अगं, तुझ्या हातात काही जगतं की नाही?"

त्या नेहमी जसं बोलायच्या तसंच बोलल्या होत्या. दुसऱ्या कुणाला म्हणाल्या असत्या तर बाया हसल्या असत्या. पण कुणी हसलं नाही. कुणाचं लक्ष जमिनीकडे, कुणाचं आपल्या कॅनकडे. काकूंना आपण काय बोललो ते कळायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात धाकटीने कॅन खाली ठेवला आणि निघून गेली. मागून हाक मारायला काकूंची जीभ उचलली नाही. एरवी दिवसभर चालणारी जीभ, नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली!

"जाऊन माफी माग," काका म्हणाले होते.

"मागते ना. जरा शांत होऊ दे तिला."

मग आज नको, उद्या जाऊ. उद्या पाहुणे आले. परवा धाकटी दारात नव्हती. अशी माफी एकदा राहिली की राहतेच. काकू कजाग असतील, पण दुष्ट नव्हत्या. धाकटीच्या चुलीचा धूर भिंतीवरून येताना दिसला की त्या हातातला घास ताटात ठेवायच्या. ती थंडी अशीच गेली. मग एके दिवशी पलीकडचा धूर बंद झाला. पलीकडच्या वस्तीवरून विरजण आणलं असेल, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कॅन मात्र त्यांच्याच गोठ्यात राहिला. त्यात त्या कधी काही भरत नसत, कुणाला हातही लावू देत नसत.

तर असं सगळं असताना, यंदा थंडी सुरू झाली आणि गुरांचे डॉक्टर निरोप घेऊन आले. बाहेरगावची काही मंडळी गोबरगॅस बघायला येणार होती, आणि इतकी वर्षं एक दिवसही बंद न पडलेला खड्डा म्हणून डॉक्टरांनी काकूंचंच नाव सांगितलं होतं.

"फोटो पण काढणार का?" काकूंनी विचारलं.

"काढतील की."

झालं! काकूंच्या अंगात संचारलं. अंगण सारवून झालं, गायींच्या शेपट्या धुऊन झाल्या, घुमटाला चुना लावून झाला. राहता राहिली ज्योत. थंडीत गॅस कमी होतो. शेगडीवर ज्योत बोटाच्या पेराएवढी यायची. एवढ्या लांबून माणसं येणार आणि ही अशी मरतुकडी ज्योत दाखवायची? काकूंच्या नाकाला ते परवडणारं नव्हतं.

कोपऱ्यात नासलेल्या बटाट्यांचा ढीग पडला होता. मक्याची ताटं होती, कोबीचा पाला होता, उंदरांनी तोंड घातलेलं पिठाचं पोतं होतं. पीकपाण्याचा कचरा काकू एरवीही घालायच्या, पण मूठमूठ, बारीक करून, शेणाच्या आडून. त्याने गॅस भराभर होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जास्त झालं तर काय होतं, तेही ठाऊक होतं. ते तर त्या इतरांना ओरडून ओरडून सांगायच्या. पण आपल्या हाताची गोष्टच वेगळी, नाही का?

बटाटे ठेचून गेले. दुसऱ्या दिवशी मका गेला, पाला गेला. मग पीठ कालवून बादल्याच्या बादल्या गेल्या.

काका ओट्यावर शाल गुंडाळून बसले होते. ते हळूच म्हणाले, "अगं, पोट आहे ते."

"मला शिकवू नका!"

मंडळी आली त्या दिवशी शेगडीवर अशी ज्योत उठली की पातेल्याच्या बाजूंनी वर आली. मंडळी फार भली होती. त्यांनी सगळं विचारलं, लिहून घेतलं, काकूंच्या हातचा चहा पिऊन वा वा केली. शेगडीजवळ उभं करून काकूंचा फोटो काढला. गल्लीतल्या बाया खिडकीला नाकं लावून होत्या. भिंतीपलीकडे फक्त विळीवर चारा कापल्याचा आवाज येत होता.

मंडळी गेल्यावर चारच दिवसांत काकूंना खड्ड्याला आंबूस वास आला. स्लरी फिकी पडली आणि वर फेस धरला. त्यांनी मनाला समजावलं, थंडी आहे, होतं असं. मग एका सकाळी काडी ओढून शेगडीला लावली तर काडीच विझली. दुसरी लावली. तीही विझली. गॅस होता, फुसफुसत बाहेर येत होता, पण पेटत नव्हता. आंबट झालेल्या खड्ड्याचं हेच लक्षण. वायू निघतो, पण त्यात जळण्यासारखं काही नसतं. दहा जणींना त्यांनी हे सांगितलं होतं, आणि सांगताना किती तोंडसुख घेतलं होतं!

मग सुरू झाली लपवाछपवी. कुणी अंगणात आलं की काकू कुंडीत शेण कालवत असल्याचं नाटक करायच्या. खड्ड्यात चुना घालून बघितला, राख घालून बघितली, घुमटावर पेंढा अंथरला. कशाचा उपयोग नाही. विजेची शेगडी लावली तर घरातले दिवे जायचे. सिलिंडरसाठी नाव घातलं. गाडी येईल तेव्हा येईल. माणसाला जेवायला तर लागतंच. शेवटी काकूंनी अडगळीतून चूल काढली, परसात आडोशाला मांडली, आणि धूर दिसू नये म्हणून अंधुक उजेडातच स्वयंपाक उरकायला लागल्या. पण धूर काय कुणाचं ऐकतो? वारा फिरला की सगळा घरात.

काका शाल घेऊन अंगणात पार लांब, कुंपणापाशी जाऊन बसायचे. थंडीत माणूस तिकडे का बसतोय म्हणून काकू एकदा चहा घेऊन गेल्या, तर ते पाठमोरे, तोंडावर टॉवेल घट्ट दाबून खोकत होते. खांदे गदागदा हलत होते आणि आवाज जेमतेम. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"अहो, हे काय?"

काकांनी टॉवेल खाली घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसले. "काही नाही गं. जरा ठसका."

"कधीपासून येता इथे?"

"बस ना जरा. ऊन छान आहे."

ऊन कुठलं! आभाळ भरून आलं होतं. काकू त्यांच्या शेजारी बसल्या आणि रडायला लागल्या. चांगलं हुंदके देऊन. मीच मारलं, फोटोसाठी मारलं, म्हणाल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला, मग ते म्हणाले, "गावात आता दोनच खड्डे चालू होते. एक आपला. बाकीच्यांनी थंडी लागली तसे बंद केलेत." दुसरा कुणाचा ते बोलले नाहीत. चहा प्यायले.

काकूंनी गोठ्यातला कॅन उचलला. अंगणातून, भिंतीवरून हाक मारणं सोपं होतं, पण त्या पुढच्या दाराने गेल्या, गल्लीतून, दार वाजवून. दार नुसतं लोटलेलं होतं, धाकटी मागे गोठ्यात चारा कापत होती. तिने वर बघितलं. काकूंना घरून पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

"माझा खड्डा मेला," त्या म्हणाल्या.

"कळलं. रात्री भाऊजींचा खोकला ऐकू येतो भिंतीतून."

"विरजण हवं होतं."

धाकटीची नजर कॅनकडे गेली. तिने विळी बाजूला सारली. "हा माझा ना?"

"हो."

"घासलेला दिसतोय."

"घासते अधूनमधून."

गायीने मान हलवली, साखळी वाजली. गप्प बसणं काकूंना जन्मात जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, "तू तेव्हा कुठून आणलंस? वस्तीवरून ना?"

"कुठून नाही आणलं. ड्रममध्ये केलं, नुसत्या शेणाचं. पोत्यात गुंडाळून इथे गायींच्या मध्ये ठेवायचे, उबेला. अख्खी थंडी गेली त्यात. नासायचं, पुन्हा करायचं."

"अगं, मग मागायचंस कुणाकडे तरी..."

"कुणाकडे मागणार? मागायची हिंमत राहिली होती का माझी?" धाकटीचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "सारखं वाटायचं, खरंच बोलल्या त्या. खरंच काही जगत नाही माझ्या हातात. रोज ड्रमचं झाकण उघडताना हेच."

काकू चाऱ्याच्या ढिगावर टेकल्या. "धाकटे, मी तेव्हा जे बोलले ना, ते..."

"ते सगळ्यांसमोर बोलला होता तुम्ही. आता इथे मी आहे आणि ही गाय आहे. गायीसमोर माफी मागून काय करायचं?"

धाकटीने हात झटकले, उठली, आणि कॅन त्यांच्या हातातून काढून घेतला. "एवढ्याशा कॅनने काय होणार आहे? आतलं आंबट निम्मं तरी उपसून काढा आधी. बादल्या घेऊन भिंतीपाशी या. भाऊजींसाठी देतेय हं. तुमच्यासाठी नाही."

त्या आणि पुढच्या दिवशी दोघी जावा भिंतीवरून बादल्या देत-घेत होत्या. धाकटी भरून द्यायची, काकू ओतून रिकामी परत करायच्या. दोघींचे हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले, कमरा मोडलेल्या. हुकूम धाकटीचे होते. "आता आत काही घालू नका. मी सांगेन तेव्हा." आणि काकू, ज्यांनी गल्लीला खड्डे शिकवले, त्या मान डोलवत होत्या. मग रोज सकाळी पलीकडून आवाज यायचा, "आज एक पाटी. चमचाभर पण जास्त नाही." ताई नाही, काकू नाही, कसलीच हाक नाही. सांगितलं की बादलीचा आवाज आणि संपलं.

थंडी उतरायला लागली तेव्हा शेगडीने पहिल्यांदा काडी धरली. भप्प आवाज झाला आणि बारीकशी निळी ज्योत चारही बाजूंनी उभी राहिली. काका कुंपणापासून शाल सावरत आले, पाटावर बसले. "आली," एवढंच म्हणाले. काकूंनी चूल त्याच दिवशी फोडली.

आता खरं तर काकूंनी लगेच बोलायला हवं होतं. नाही बोलल्या. कुठून तरी बातमी फुटली होती, गुरांचे डॉक्टर ज्याला त्याला सांगत सुटले होते की गॅसकाकूंनी मेलेला खड्डा जिवंत करून दाखवला, भर थंडीत! बाया नळावर विचारायच्या, "काकू, कसं काय जमवलंत?" काकू म्हणायच्या, "जमलं बाई." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं, आणि नळाला लागूनच धाकटीचं दार होतं. घरी आल्यावर काकूंना घास गोड लागायचा नाही. ज्योतीकडे बघितलं की ड्रमचं झाकण उघडणारी धाकटी डोळ्यांसमोर यायची.

मग दूधवाल्याची सून आली. नवी नवरी, नवा खड्डा, दोन्ही हातांत कॅन. काकू विरजण देणार म्हटल्यावर गल्लीतल्या बाया जुन्या सवयीने जमल्याच. पोरीची आता कशी चंपी होते ते बघायला त्या अगदी ऐसपैस उभ्या राहिल्या. पलीकडे गोठ्यात बादलीत दुधाच्या धारा पडत होत्या.

"काकू, तुमच्याच हातचं न्यायचं म्हणून सासूबाईंनी सांगितलंय," पोर म्हणाली.

काकूंनी तोंड उघडलं. पोट आहे ते, डबा नाही, हे सगळं जिभेवर होतं. पण बाहेर आलं ते भलतंच. "माझ्या हातचं नाही हे."

"अं?"

"माझं मेलं. मीच मारलं, फोटोत मोठी ज्योत दिसावी म्हणून. तुम्हा सगळ्यांना शहाणपण शिकवायचे ना, ती मी. कोंबकोंब कोंबलं आणि मारलं." काकू नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत होत्या, आवाज भिंतीपलीकडे जावा, नळापर्यंत जावा, गल्लीच्या टोकापर्यंत जावा म्हणून. "आत्ता चालतंय ते धाकटीच्या हातचं आहे. तिने नुसत्या शेणातून उभं केलं, एकटीने. आणि मी तिला इथे, याच जागी, तुमच्यासमोर विचारलं होतं की तुझ्या हातात काही जगतं की नाही. आठवतंय ना? आठवत असेल. मला रोज आठवतं. बाळ गेलेल्या बाईला मी ते विचारलं. फार वाईट बोलले. चुकले मी. आमच्या घरची चूल तिच्या हातामुळे बंद झाली, माझा नवरा तिच्यामुळे घरात बसून श्वास घेतोय. हे सांगायचं होतं. आता न्या काय न्यायचं ते."

पोर बिचारी दोन कॅन घेऊन कधी काकूंकडे, कधी बायांकडे बघत राहिली. पलीकडच्या दुधाच्या धारा थांबल्या होत्या. काकूंना वाटलं, गेली असेल आत, दार लावून. त्या घुमटाच्या कडेवर बसल्या.

मग भिंतीवर धाकटीचे हात दिसले आणि मागून डोकं. डोळे लाल, नाक लाल. तिने मनगटाने नाक पुसलं.

"ताई," ती म्हणाली, "तिला पहिल्या दिवशी कोमट पाणी घालायला सांगा. तुम्ही दर वेळी विसरता सांगायला."

"काही विसरत नाही हं मी!" काकू म्हणाल्या. शेणाच्या हातानेच त्यांनी डोळे पुसले, गालावर हिरवा पट्टा उमटला, आणि एवढा वेळ श्वास धरून उभ्या असलेल्या बाया एकदम हसायला लागल्या. धाकटीही हसली.

काकूंनी एक कॅन आपल्या खड्ड्यातून भरला आणि दुसरा भरायला भिंतीवरून पलीकडे दिला. मग पोरीला जवळ घेऊन कोमट पाण्याचं सांगितलं.